फळ चहात पडलं आणि दूध नासलं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात थंड चहावर लिहिताना जाता जाता एक ओळ टाकली होती, की फळांचा मिल्क टी, म्हणजे फळ घातलेला दुधाचा चहा, घरी सहज होतो. तो "सहज" शब्द मला चांगलाच महागात पडलाय. एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यातच जाणार, आणि निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच, ताई दूध नासलं. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून उत्साहाने चहा केला. दूध घालून छान उकळला आणि गरम असतानाच त्यात स्ट्रॉबेरीचा मिक्सरमधून काढलेला रस ओतला, तर दोन मिनिटांत पाणी वेगळं नि गुठळ्या वेगळ्या. दूध ताजं होतं हो, त्याच दिवशी आणलेलं. मग चुकलं कुठे?
— वैतागलेली वाचक

उत्तर : दुधाला दोष देऊ नका, ते बिचारं ताजंच होतं. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन अगदी बारीक कणांच्या रूपात दुधात तरंगत असतं आणि हे कण एकमेकांना लांब ठेवून असतात म्हणून दूध एकसारखं दिसतं. आंबट काही पडलं की हा दुरावा संपतो आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. आकड्यात सांगायचं तर दुधाचा पीएच (हे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट जास्त) ६.६ ते ६.८ असतो आणि तो ४.६ पर्यंत उतरला की केसिन पूर्ण खाली बसतं. पण हे झालं गार दुधाचं. दूध गरम असेल तर एवढं खाली जावंच लागत नाही, आधीच फाटतं. स्ट्रॉबेरीचा पीएच ३ ते ४ च्या मध्ये, कोरा चहासुद्धा ५ च्या आसपास म्हणजे तोही थोडा आंबटच, आणि वर तुमचं पातेलं उकळतं. तिन्ही बाजूंनी घेरल्यावर दूध काय करणार.

तेव्हा पहिली गोष्ट, फळांचा मिल्क टी थंडच करायचा. गरम जमतो पण मोजक्या फळांचा, ते पुढे येईलच. दुसरी गोष्ट, आणि ही मी या सदरात आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, फळाची चव वेगळी आणि फळाचा आंबटपणा वेगळा. आपल्याला चव हवी आहे, आंबटपणा जेवढा टाळता येईल तेवढा टाळायचा, आणि टाळता येत नसेल तर त्याला साखर, गारवा आणि भरपूर दूध यांच्यात बुडवून टाकायचा.

स्ट्रॉबेरीचं मी असं करते. २५० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरायची, ८० ग्रॅम साखर घालून अर्धा तास तशीच ठेवायची, साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी लालबुंद रस सुटतो. मग मंद आचेवर ८-१० मिनिटं शिजवून थोडं ठेचायचं आणि पूर्ण गार करायचं, अगदी फ्रीजमध्ये टाकून गार. चहा वेगळा : १५० मिली उकळत्या पाण्यात २ छोटे चमचे म्हणजे ४-५ ग्रॅम पत्ती, झाकण ठेवून ४ मिनिटं, गाळायचा आणि तोही गार करायचा. आता ग्लासात २ मोठे चमचे हा स्ट्रॉबेरीचा पाक, त्यावर बर्फ, मग १२० मिली थंड दूध हळूहळू, आणि सगळ्यात वर साधारण १०० मिली चहा. पाक जड असतो म्हणून तळाशी बसतो, दूध मध्ये, चहा वर, तीन थर दिसतात आणि फोटोही छान येतो. पिताना हलवायचं आणि लगेच प्यायचं, अर्धा तास गप्पा मारत बसलात तर थोडे कण दिसतील, ते खराब नसतात पण दिसायला बरं वाटत नाही.

शिजवल्याने आंबटपणा जात नाही हे लक्षात असू द्या, आम्ल तिथंच असतं. फायदा दुसरा आहे, शिजताना फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम ज्याने घट्ट होतो तो पदार्थ, सुटतं आणि हे पेक्टिन दुधाच्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. बाजारात फळांची आंबटगोड दुधाची पेयं मिळतात त्यातही पेक्टिन याच कामासाठी घालतात. म्हणूनच घाई असेल तेव्हा सरळ एक मोठा चमचा जॅम थोड्या कोमट चहात विरघळवून गार करा, कच्च्या रसापेक्षा तो जास्त साथ देतो. हे मी कमीपणा न मानता सांगतेय.

प्रश्न : दूध नासू नये म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालावा असं कुणीतरी सांगितलं. चालेल का?

उत्तर : घालून पाहिलाय. दूध नासलं नाही हे खरं, सोडा आंबटपणा मारतो त्यामुळे ते होणारच. पण चहा काळपट झाला आणि चव साबणाचं पाणी प्यायल्यासारखी. शिवाय फळाला जी थोडी आंबट धार असते तीच गेली, मग राहिलं काय. नको.

प्रश्न : कोणती फळं बिनधास्त घालावी आणि कोणत्या फळांच्या नादी लागू नये, एकदाच काय ते सांगून टाका.

उत्तर : एकदाच सांगते पण यादी मागू नका, कारण एकच फळ किती पिकलंय त्यावर बरंच ठरतं.

सगळ्यात सोपं केळं. पीएच ५ च्या आसपास, गर दाट, दुधाशी भांडण नाही, कोमट चहातही चालतं. फक्त मिक्सरमधून काढल्यावर काळं पडतं, तेव्हा आयत्या वेळी करा आणि दुधाबरोबरच फिरवा. चिकूही तसाच गरीब स्वभावाचा, आणि त्याची ती कॅरॅमलसारखी चव कडक काळ्या चहाबरोबर इतकी जुळते की मला आश्चर्य वाटतं याबद्दल कुणी बोलत कसं नाही. बी आणि साल नीट काढा, कच्चा चिकू घेऊ नका, तोंडाला तुरट मिठी बसते आणि त्यात चहाचाही तुरटपणा, दोन्ही मिळून जीभ कोरडी.

आंबा पूर्ण पिकलेला, वास सुटलेला असेल तर उत्तम. आंबटगोड अवस्थेतला असेल तर त्याला स्ट्रॉबेरीसारखाच पाक करून वागवा. लिची मधली, पीएच ५ च्या जरा खाली, थंड चहात व्यवस्थित राहते आणि जास्मिनच्या वासाच्या चहाबरोबर तर काय सांगू. पीच चवीला गोड लागतो पण आतून चांगलाच आंबट, ३.३ ते ४, जिभेवर विश्वास ठेवू नका, साखर आंबटपणा झाकते आणि दुधाला तो बरोबर कळतो. पीच शिजवूनच.

लिंबू, पॅशनफ्रूट, आंबट द्राक्षं, कच्ची कैरी, जास्वंदीच्या पाकळ्यांचा लाल चहा (फळ नाही पण लोक घालतात म्हणून सांगते), यांचा दुधाशिवाय थंड चहा करा, फार सुंदर होतो. प्रत्येक गोष्टीत दूध घातलंच पाहिजे असं नाही ना.

प्रश्न : मला संत्र्याचा मिल्क टी करायचाच आहे. रस घातला की नासतो, कमी घातला की चव लागत नाही. काही उपाय?
— हट्टी

उत्तर : हट्टी माणसं मला आवडतात. उपाय आहे आणि तो सगळ्यात मजेशीर आहे. रस वापरूच नका, साल वापरा.

संत्र्याचा जो वास आपल्याला "संत्रं" म्हणून कळतो तो बराचसा सालीच्या तेलात असतो आणि आंबटपणा असतो रसात. म्हणजे चव आणि आंबटपणा इथे निसर्गानेच वेगळे करून ठेवलेत, आपण फक्त योग्य भाग उचलायचा. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर आठवा, त्याला बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल लावलेलं असतं, आणि लोक त्यात खुशाल गरम दूध घालून पितात, नासत नाही. कारण तेलात आम्ल नसतं.

तर संत्रं कोमट पाण्यात घासून धुवा, सालीवर मेण लावलेलं असू शकतं. बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी भाग किसा, खालचा पांढरा आला की कडू होणार. एका संत्र्याचा कीस आणि २ मोठे चमचे साखर बोटांनी चुरून अर्धा तास ठेवा, साखर ओलसर होते आणि डबा उघडला की खोलीभर वास पसरतो. ही साखर घालून गरम काळा चहा, त्यात गरम दूध, गाळून प्या. हाच तो मोजक्या गरम फळचहांपैकी एक. थंडही होतो. लिंबाच्या सालीचंही असंच जमतं, पण जरा हात राखून.

प्रश्न : खरबुजाचा मिल्क टी केला, पहिला ग्लास अप्रतिम. उरलेला फ्रीजमध्ये ठेवला आणि दोन तासांनी प्यायला तर कडूजहर! खरबूज कडू नव्हतं, दूधही नासलेलं दिसत नव्हतं. भुताटकी?

उत्तर : भुताटकी नाही, एन्झाइम. आंबटपणा हा दुधाचा एक शत्रू, हा दुसरा, आणि हा गुपचूप काम करतो. काही फळांत प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात : अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, अंजिरात फायसिन आणि खरबुजात क्युक्युमिसिन. मांस मऊ करायला कच्ची पपई किंवा अननस लावतात ते याचसाठी. दुधाच्या प्रोटीनचे यांनी तुकडे केले की त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. तुमच्या ग्लासात दोन तास हेच चाललं होतं. खरबुजाचा पीएच ६ च्या पुढे म्हणजे आंबटपणा जवळजवळ नाहीच, त्यामुळे दूध दिसायला ठीक राहतं आणि माणूस फसतो.

यावर दोन मार्ग. एक, दूध आयत्या वेळी घालायचं आणि लगेच संपवायचं. दोन, गर आधी उकळून घ्यायचा कारण उष्णतेने हे एन्झाइम निकामी होतात. अननसाला दुसरा मार्ग बरा, तुकडे साखर घालून ७-८ मिनिटं चांगले रटरटू द्या. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो थेट चालतो, म्हणजे कडू होत नाही, आंबट मात्र असतोच, तेव्हा थंडच ठेवा आणि दुधाऐवजी नारळाचं दूध घेतलंत तर फारच छान. खरबूज मात्र उकळू नका, त्याचा तो नाजूक ताजा वास जातो आणि भोपळ्याची आठवण येते. ते करा, प्या, मोकळे व्हा. किवी दुधात घालूच नये असं माझं मत, आंबट पण आणि एन्झाइमवालं पण, कशाला.

प्रश्न : दुकानातल्या स्ट्रॉबेरी मिल्क टीत कधीच दूध नासलेलं नसतं, तासभर ठेवला तरी. त्यांना जमतं मग आपल्याला का नाही?

उत्तर : कारण पुष्कळदा त्यात फळ नसतं आणि दूधही नसतं! सगळीकडे असं नाही, ताजं फळ वापरणारेही आहेत. पण पावडरवाल्या पेयात स्ट्रॉबेरीचा वास असतो, आंबटपणा नावाला, आणि दुधाच्या जागी क्रीमर. क्रीमर म्हणजे वनस्पती तेल, साखरेचा एखादा पाक किंवा त्याची पावडर, सोबत सोडियम केसिनेट आणि डायपोटॅशियम फॉस्फेटसारखा क्षार, आणि हा क्षार आंबटपणा झेलून घेतो म्हणून गुठळ्या होत नाहीत. एक गंमत बघा, पाकिटावर "नॉन-डेअरी" लिहिलेलं असतं पण सोडियम केसिनेट हे दुधातूनच काढलेलं प्रोटीन, तेव्हा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर पाकीट मागून वाचायचं.

घरी असाच भक्कम मिल्क टी हवा असेल तर थोड्या दुधाच्या जागी क्रीम घ्या. क्रीममध्ये फॅट जास्त आणि प्रोटीन कमी, नासायला मुळात प्रोटीन लागतं. किंवा कंडेन्स्ड मिल्क, तेही आंबटाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते, मग पाकातली साखर कमी करा नाहीतर पहिल्या घोटातच दात शिवशिवतील.

प्रश्न : माझ्या मिल्क टीत चहाच लागत नाही, नुसतं फळाचं दूध लागतं. म्हणून पत्ती १५ मिनिटं उकळली तर कडू झाला. कोणता चहा, किती, किती वेळ?

उत्तर : कडकपणा वेळ वाढवून आणायचा नाही, पत्ती वाढवून आणायचा. साधा कोरा चहा पिताना कपाला २ ग्रॅम पत्ती पुष्कळ, पण इथे दूध, फळ, बर्फ सगळे त्यावर बसणार, म्हणून दुप्पट पत्ती आणि कमी पाणी. काळा चहा उकळत्या पाण्यात ४-५ मिनिटं, त्यापुढे तुरट टॅनिन जास्त उतरतं. थोडा तुरटपणा दूध झेलतं, टॅनिन दुधाच्या प्रोटीनला चिकटतं आणि जिभेला कमी कळतं, पण १५ मिनिटं म्हणजे दुधाच्या सहनशक्तीचा अंत. हिरवा चहा असेल तर पाणी ७०-८० अंशांवरचं, म्हणजे उकळी आल्यावर गॅस बंद करून थोडं थांबायचं, आणि २-३ मिनिटंच.

कशाबरोबर काय, तर आंबा, चिकू, केळं यांना कडक काळा चहा, आसाम किंवा सिलोन, हलका चहा तिथे हरवतो. लिची आणि स्ट्रॉबेरीला जास्मिनच्या वासाचा हिरवा. पीचला ऊलाँग (काळा आणि हिरवा यांच्या मधला चहा), हे माझं लाडकं. आणि बर्फ पाण्याचा न वापरता चहाचाच बर्फ जमवा, ट्रेमध्ये ओतून ठेवला की झालं, वितळला तरी पेय पाणचट होत नाही.

कडक काळा चहा फ्रीजमध्ये गढूळ होतो तेव्हा घाबरून ओतून देऊ नका, असंही एकीने कळवलंय की तिने दोनदा ओतून दिला. त्यातलं कॅफिन आणि रंगद्रव्यं गारठ्यात एकमेकांना धरतात म्हणून तसं दिसतं, खराब झालेला नसतो. दूध घातल्यावर कुणाला दिसणारेय.

प्रश्न : ब्लूबेरी मिल्क टी जांभळा होईल म्हणून केला तर सिमेंटसारखा राखाडी झाला, मुलांनी हात लावला नाही.

उत्तर : ब्लूबेरीचा रंग अँथोसायनिनचा, आणि तो आंबटात लाल, आंबटपणा उतरला की जांभळा-निळसर होतो. दुधाने आंबटपणा उतरवला, चहाने तपकिरी छटा दिली, बेरीज सिमेंट. काळ्या चहाऐवजी हलका हिरवा किंवा जास्मिन घ्या, पाक घट्ट करून तळाशी ठेवा आणि न हलवता टेबलावर आणा. पिणाऱ्याने हलवलं तर ती त्याची जबाबदारी.

प्रश्न : दुकानातल्या मिल्क टीत ग्लासाच्या तळाशी ते काळे चिवट मोती असतात ते घरी करायला गेले. टॅपिओकाच्या पिठात पाणी घातलं तर हातात घट्ट आणि सोडलं की पातळ, गोळा होईचना. कसेबसे केले तर उकळताना विरघळले. विकतचे आणले तर रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी खडे झाले. हरले मी.

उत्तर : तिन्ही चुका प्रत्येकजण करतो, मीही केल्यात.

मोती टॅपिओकाचे म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चचे. साबुदाणाही बहुतेक त्याच स्टार्चचा असतो बरं का, घाई असेल तर शिजवलेला साबुदाणा घाला, तो मऊ लागेल, चिवट नाही, पण आंब्याबरोबर गोड लागतो. कच्चा स्टार्च गार पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो, म्हणून तो दाबला की घट्ट आणि सोडला की पातळ असा खेळ करतो. त्याला चिकटपणा यायला उष्णता लागते, साधारण ६०-७० अंशांच्या पुढे तो पाणी पिऊन फुगतो.

म्हणून असं करा. ६० मिली पाण्यात ६० ग्रॅम ब्राउन शुगर घालून खळखळ उकळी आणा. १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्चमधला एक तृतीयांश त्या उकळत्या पाकात टाका आणि मंद आचेवर गोंदासारखा होईपर्यंत ढवळा. गॅस बंद करून उरलेला स्टार्च घाला आणि हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळायला घ्या, गार होऊ दिलंत की तुकडे पडणार. फार चिकट वाटलं तर स्टार्च भुरभुरा, कोरडं वाटलं तर चमचाभर गरम पाणी, प्रत्येक पाकिटातला स्टार्च थोडा वेगळं वागतो. लांब वळ्या करून ७-८ मिमीचे तुकडे, गोल करा, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कोरड्या स्टार्चमध्ये घोळवा. गोल करण्यात तास जातो, कुणालातरी मदतीला बसवा. गोल केलेले कच्चे मोती डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाकता येतात, म्हणजे एकदाच कष्ट.

शिजवताना भरपूर पाणी, मोत्यांच्या निदान ८-१० पट, आणि पाणी खळखळत असतानाच टाकायचे. तुमचे विरघळले ते बहुतेक कोमट पाण्यात पडले. १५-२० मिनिटं उकळून गॅस बंद, झाकण ठेवून आणखी १५-२० मिनिटं, मध्ये एक मोती चावून बघा, आत पांढरा कच्चा ठिपका नको. मग गार पाण्यातून काढून साखरेच्या पाकात.

फ्रीजमध्ये खडे होतात कारण शिजलेला स्टार्च गारठ्यात पुन्हा आखडतो, पाणी सोडतो. शिजवलेले मोती बाहेरच, पाकात, आणि तीन-चार तासांत संपवायचे. कॉर्नफ्लॉवरचे होतील का असं विचारणाऱ्या तिघींना एकच उत्तर, नाही, ते चिवट न होता तुटतात.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे, रोज मागतो. देऊ का?
— एक आई

उत्तर : रोज नको. काळ्या चहाच्या कपात ४०-५० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि आपला मिल्क टी तर दुप्पट पत्तीचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम एवढी मर्यादा धरली आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६०, ती एका ग्लासात जवळजवळ संपते आणि रात्री झोपायला तो तुम्हाला नाचवतो. मोठ्यांना दिवसाला ४०० पर्यंत, गरोदर बायकांना २०० पर्यंत.

त्याला रूइबॉसचा करून द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाची पानं, रंग लालसर, कॅफिन अजिबात नाही आणि दूध मस्त पेलतो. त्यात केळं किंवा आंबा, मुलाला फरक कळणार नाही. साखरेचं मात्र बघा, वरच्या कृतीतल्या २ मोठ्या चमचे पाकात साधारण १२ ग्रॅम घातलेली साखर जाते म्हणजे ३ छोटे चमचे, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा असं सुचवते. आणि ते मोती लहान मुलांना जाड स्ट्रॉने ओढायला देऊ नका, चार-पाच वर्षांखालच्यांना तर मुळीच नाही, सरळ घशात जातात. सहा वर्षांच्याला द्यायचेच तर चमच्याने, बसवून, चावून खायला सांगून.

प्रश्न : दूध पचत नाही. सोयाचं दूध घातलं तर तेही नासलं!

उत्तर : सोयात प्रोटीन भरपूर, तेही आंबटात गुठळ्या धरतं, गरम कडक चहात तर नुसत्या चहानेही. ओट्सचं दूध घ्या, त्यात प्रोटीन कमी, आणि कॉफीसाठी म्हणून जे मिळतं त्यात आंबटपणा झेलणारे क्षारही घातलेले असतात. नारळाचं दूध आंबा-अननसाला. ते वर तरंगतं कधीकधी, ते नासणं नव्हे, फॅट वर येतं, बरणीत घालून जोरात हलवा. बदामाचं मला पाणचट वाटतं.

प्रश्न : काका विचारतायत : चहात फळ घालणं हा चहाचा अपमान नाही का? आम्ही साठ वर्षं साधा चहा पितोय, काही बिघडलं नाही.

उत्तर : काका, नाही बिघडलं आणि बिघडणारही नाही. पण सालीच्या तेलाचा अर्ल ग्रे १९ व्या शतकापासून पितायत लोक, आणि दूध-मोत्यांचा चहा तैवानमध्ये १९८० च्या दशकात सुरू झाला, पहिला कुणी केला यावरून तिथल्या दोन चहावाल्यांचा वाद कोर्टापर्यंत गेला होता. चहासाठी कोर्टात जाणारी माणसं चहाचा अपमान करतील असं वाटतं का तुम्हाला? संत्र्याच्या सालीचा एकदा करून घ्या पुतणीकडून, तोंड वाकडं झालं तर मला कळवा.

प्रश्न : पंधरा जण येणार आहेत. स्ट्रॉबेरीचाच करायचाय. आदल्या दिवशी काय काय करून ठेवू?

उत्तर : तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, एवढं पाळलंत की निम्मं काम झालं. चहासाठी आदल्या रात्री दीड लिटर गार पाण्यात ३० ग्रॅम पत्ती टाकून फ्रीजमध्ये ८-१० तास, सकाळी गाळा. गार पाण्यात टॅनिन आणि कॅफिन कमी उतरतं म्हणून हा चहा मुळातच गुळगुळीत असतो, गार करायची कटकटही नाही. ५५० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि १७५ ग्रॅम साखर यांचा पाक, साधारण ६०० ग्रॅम उतरेल, माणशी ४०. दूध पावणेदोन ते दोन लिटर, फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, दारात सगळ्यात कमी गार असतं. बर्फ मात्र वाटतो त्याच्या दुप्पट लागतो.

पाहुणे आल्यावर ग्लासात पाक आणि बर्फ घालून तयार ठेवा, दूध आणि चहा मागेल तसा ओता. मोठ्या भांड्यात सगळं एकत्र करून ठेवायचा मोह होईल, करू नका, तासाभरात कण दिसायला लागतील आणि तुम्ही मला पत्र लिहाल. दूध घातलेला चहा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, उकाडा असेल तर तासभरच. पाक उरला तर घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, चमचा कोरडा वापरा. नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एक खडा म्हणजे एक छोटा ग्लास.